परीक्षकांची कॉफी

माझ्या खगोलशास्त्राच्या पदवीच्या तोंडी परीक्षेत सर मी फळ्यावर काढलेल्या, एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यांकडे बघून हसले. "अगं, दोघे एकदमच जन्मतात, आणि जड तारा आधी म्हातारा होतो. तुझा म्हातारा तर हलका निघाला! गल्लत केलीस. नापास करू?"

मी त्यांचा काठोकाठ भरलेला कप उचलला आणि बरीचशी कॉफी माझ्या जवळजवळ संपलेल्या कपात ओतली.

"अगं, हे काय!"

"म्हातारपणी तारा फुगतो, सर. शेजारी इतका जवळ असला की बाहेरचा थर त्याच्याकडे ओघळतो. आता सांगा, आधी जड कोण होतं?"

सरांनी आपला हलका झालेला कप उचलून पाहिला. "पास. पण माझ्या कॉफीचं काय?"

"थोडी परत मिळेल, सर. आधी मला म्हातारी होऊन फुगू तर द्या!"