पुढचा ब्रेक ओरडायचा तेव्हा

मित्रांनो, मुरुम गावच्या बाजारात कधी आला असाल, तर माझी किंकाळी तुमच्या कानावर पडलीच असेल. मी एक जुनी मोटारसायकल. रंग काळा, टाकीला एक पोचा, आणि अंगावर सोळा उन्हाळे.

माझे मालक वैजनाथअण्णा गावचे वायरमन होते. त्यांनी मला उमरग्याच्या दुकानातून घरी आणले, तेव्हा त्यांच्या पत्नीने, अयोध्याबाईंनी, माझ्या हँडलला हळदकुंकू लावले. तार तुटो की डीपी जळो, अण्णा मला घेऊन निघत. मी दिसले की लोक म्हणत, "वायरमनची गाडी आली, आता येतीय लाईट." तेव्हा मला केवढा मान होता!

पुढे अण्णा निवृत्त झाले. मुलगी दीपाली नोकरीला पुण्याला गेली. दोन वर्षांपूर्वी अयोध्याबाई आजारपणात वारल्या आणि माझी मागची सीट रिकामी झाली. अण्णांचे बोलणेच आटले. मला ते आठवड्यातून एकदा, बाजारापुरते बाहेर काढत. बाकी दिवस ते ओसरीवर आणि मी पत्र्याखाली, दोघेही गप्प.

उभी राहून राहून माझ्या पुढच्या चाकाच्या ड्रममध्ये धूळ साचली. त्यात आतून घासून चाक थांबवणारे ब्रेकचे शू काचेसारखे गुळगुळीत झाले. ब्रेक दाबला की अशी किंकाळी उठे, की अख्खा बाजार वळून बघे. अण्णा ओशाळत. मग त्यांनी पुढचा ब्रेक दाबणेच सोडून दिले. मी दुखणे सांगत होते, आणि त्यांनी माझे तोंडच बंद केले.

एके दिवशी वळणावर भाजीची पाटी घेतलेली धुरपदाबाई समोर आली. अण्णांनी नुसता मागचा ब्रेक दाबला. मागचे चाक फरफटत गेले. मी थांबले, ती म्हातारीपासून वीतभर अंतरावर. पाटीतली वांगी रस्ताभर झाली.

"वायरमन, ब्रेक न्हाय व्हय गाडीला?"

"हाय मावशी. लई वरडतो, म्हणून दाबत न्हाय."

"मग काय माणूस वरडल्यावर दाबणार?"

अण्णांनी खाली बसून वांगी गोळा केली. घरापर्यंत त्यांनी मला ढकलतच नेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अण्णांनी माझे पुढचे चाक काढले. ओल्या फडक्याने ड्रम पुसला. शू अजून जाड होते. ते पॉलिश पेपरने खरवडून खरखरीत केले. शूंना फाकवणाऱ्या कळीला बोटाच्या टोकाएवढे ग्रीस लावले आणि ते शूला लागू दिले नाही. चाक परत बसवताना मात्र अडले. एका हाताने चाक उचलावे तर दुसऱ्याने आसाचा दांडा शिरेना. पूर्वी अयोध्याबाई चाक धरत. तीनदा प्रयत्न झाला. तिसऱ्यांदा अण्णा मातीतच बसून राहिले.

तेवढ्यात दीपालीचा फोन आला.

"अण्णा, कसे आहात?"

दर रविवारी ते "बरं हाय" म्हणत आणि फोन ठेवत. आज त्यांनी नुसते चाकाकडे पाहिले.

"गाडीचं चाक खोललंय. बसंना झालंय."

"एकटेच करताय?"

"दुसरं कोण हाय हितं?" अण्णांनी हातातला दांडा खाली ठेवला. "दीपे, मला करमत न्हाय गं."

पलीकडून ती म्हणाली, "फोन ठेवू नका. सीटवर ठेवा. चाक बसेपर्यंत मी आहे."

अण्णांनी चाकाखाली पाय दिला, दात आवळले आणि दांडा आत सरकवला. नट आवळून, चाक फिरवून ब्रेक तपासला. चाक जागच्या जागी थांबले, निमूट.

पुढच्या शनिवारी दीपाली आली, दोन दिवस राहिली आणि गेली. घर पुन्हा ओस पडले, हे काही मी लपवत नाही. पण आता तिचा फोन रोज येतो आणि अण्णा तासभर बोलतात.

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी कुरकुरली तर तिच्यावर चिडू नका, तिला उघडून बघा. आणि घरात कोणी नुसतेच "बरं हाय" म्हणत असेल, तर त्याला एवढ्यावर सोडू नका. आम्हा गाड्यांना निदान ओरडता तरी येते.