पिंपाच्या तळाशी

नोंद. गुरुवार. तिसरं बेट.
फुटलेली अंडी: एकोणीस.
मेलेली पिल्लं: सहा. पाचांना डोकी नाहीत.
शेरा:

शेऱ्याच्या रकान्यात मी काही लिहिलं नाही. ओकारी आली होती, ती शेरा होत नाही.

मुंगूस मूळचं इथलं नव्हे. कुणीतरी कधीकाळी उंदीर मारायला म्हणून आणलं. उंदीर मजेत आहेत. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी मात्र पहिल्या बेटावरून संपले, दुसऱ्यावर संपत आलेत. तिसरं स्वच्छ होतं. सोमवारपर्यंत.

माझं काम माग काढण्याचं. ठसे मोजायचे. लेंड्या गोळा करून चाळणीत धुवायच्या, पिसं वेगळी, कवचं वेगळी. घरी हात तीनदा धुतले तरी जेवताना घास नाकाजवळ आला की थांबतो. शिवाय दुसऱ्या बेटावर आम्ही एका मादीला गळ्यात रेडिओचा पट्टा बांधून सोडलं होतं. ती बाकीच्यांच्या बिळांपर्यंत नेते, आम्ही मागोमाग सापळे लावतो. फितूर, म्हणायचा मामा तिला. मामा म्हणजे माझा सख्खा मामा, आमची बोट चालवतो. या कामाला मला त्यानेच चिकटवलं.

तर गुरुवारी तिसऱ्या बेटावर पट्ट्याचा संकेत पकडणारं यंत्र टिकटिकायला लागलं. जिथे टिकटिक होणं शक्यच नाही तिथे. मामा बोटीवर होता. मी आवाजामागे गेले, खोपटीच्या मागे, आमच्याच पिंपापाशी.

पिंपात आमिष असतं, मासळीची मुंडकी. चार दिवस उन्हात. वर अळ्यांची साय. मी बाही सारली आणि हात घातला. कोपरापर्यंत कोमट लगदा, बोटांत काहीतरी वळवळणारं. तळाशी पट्टा. मानेतून निसटलेला नुसता पट्टा.

आता त्याआधीचा सोमवार.

नियम असा: दुसऱ्या बेटावरून बोट सोडण्याआधी पिंपाचं झाकण काढायचं, तळापर्यंत हात घालून चाचपायचं, मग वहीत खूण करायची. वही माझ्याकडे. झाकणाचा कोपरा तुटलेला, मुंगूस आत शिरेल एवढा.

"बघितलंस का गं आत?"

"हो मामा."

"हात तर कोरडा दिसतोय."

"पुसला."

"एवढा स्वच्छ? नवरीचा हात आहे नुसता!"

मी हसले. झाकण उघडलंच नव्हतं. वास सहन होईना, म्हणून लांबूनच खूण केली. त्या मादीला आम्हीच आणलं, बोटीतून, आमिष खायला घालत.

पट्टा कुठे सापडला?
अ) पिंपाच्या तळाशी.
ब) दुसऱ्या बेटासमोरच्या किनाऱ्यावर, खडकात.

मी ब लिहिलं.

"पोहून आली?" मोहिमेच्या साहेबांनी भुवया चढवल्या. "एवढं अंतर?"

"ओहोटी होती, साहेब."

चाळीस सापळे होते. चाळीसही समोरच्या किनाऱ्यावर लागले.

शुक्रवार: सापळे रिकामे. अंडी बारा.
शनिवार: रिकामे. अंडी नऊ, पिल्लं चार.
रविवार: रिकामे. मोजली नाहीत.
सोमवार: तेच.

मंगळवारी मामा खोपटीमागून आला, काडीच्या टोकावर लेंडी.

"समोरच्या किनाऱ्यावर अशी एकही नाही. सगळी घाण इथे. तुझी बाई पोहून आली आणि रिक्षा करून इकडे उतरली का?"

मी वहीची पानं चाळू लागले.

"बोल की."

मी बोलले. पिंप, पट्टा, खूण, सगळं. बोलताना तोंडाला तोच वास येतोय असं वाटत होतं.

"बोट तुझी आहे ना, मामा. मला वाटलं, तुझ्यावर येईल."

मामाने काडी फेकली. "माझ्यावर ढकलू नकोस. तुला तुझ्यावर यायला नको होतं."

मी वही मिटली.

"गुरुवारीच सांगितलं असतंस तर पाच दिवस वाचले असते. बोटीचं काम गेलं असतं तर गेलं असतं. शी!" तो थुंकला. माझ्या दिशेने नव्हे, पण फार लांबही नाही.

साहेबांना मीच सांगितलं. ते ओरडले नाहीत. "वही ठेवा इथे," म्हणाले, आणि ती टेबलाच्या माझ्या बाजूने त्यांच्या बाजूला ओढून घेतली. "सापळे हलवायला माणसं कमी आहेत. तेवढं करून जा."

सापळे खोपटीभोवती लावले. बुधवारी सकाळी मादी सापडली. ओठांवर पिवळा बलक वाळलेला. मामाने तिला उताणं केलं आणि तसाच बसून राहिला.

"काय झालं?"

"दूध आहे हिला."

दुपारपर्यंत आम्ही दगड उपसत होतो. तीन पिल्लं मिळाली, डोळे मिटलेली, गुलाबी, ओलसर. काय करायचं ते मामाने मला करायला लावलं. हाताने.

"चौथं असेल?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक." तो पुढचा दगड उचलत होता. "तू उद्यापासून नसशील. मला बघावं लागेल."

उतारावर दोन पक्षी फुटक्या कवचांतच पुन्हा बसले होते.