नूतनताईच्या पिशवीतली डबी

बदलापूरला कात्रप संपतं तिथून पुढे एक गाव आहे. तिथे नूतनताई नऊ वर्षं आशा सेविका आहे. गरोदर बाईचं नाव नोंदवायचं, लोहाच्या गोळ्या पोचवायच्या, तपासणीला उपकेंद्रात न्यायचं आणि तंबाखू किती वाईट ते समजावून सांगायचं, ही तिची कामं. ती हे सगळं मनापासून करायची. मशेरीसुद्धा मनापासून लावायची.

मशेरी म्हणजे तव्यावर काळीकुट्ट भाजलेली तंबाखूच. पण गावातल्या बायकांच्या हिशेबी ते दात घासायचं साधन. त्यामुळे उपकेंद्रातून तंबाखूमुक्त मातांचा फॉर्म आला, तेव्हा ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नावर झाडून सगळ्या बायका नाही म्हणाल्या आणि नूतनने झाडून सगळ्यांच्या पुढे ‘नाही’ लिहिलं. लिहिताना तिच्या स्वतःच्या ओठाखाली चिमूटभर होतीच.

गावातली तुळशी सातव्या महिन्यात होती. तिचं वजन वाढत नव्हतं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन जेमतेम आठ. उपकेंद्राच्या डॉक्टर हिमानी नव्या होत्या, वयानेही लहान. त्यांनी तुळशीला सरळ विचारलं, तंबाखू घेतेस का?

“नाय हो,” तुळशी म्हणाली. “मशेरी लावते फक्त. तीपण घरची नाय, नूतनताईंची. त्यांची बारीक असते.”

नूतनला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. दर भेटीला गोळ्या दिल्यावर दोघी ओट्यावर बसून एकाच डबीतून मशेरी लावत, हे काही खोटं नव्हतं. डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला. नूतनने पिशवीत हात घातला आणि जुलाबावरच्या पुड्यांच्या खालून डबी काढून दिली. ही तंबाखू बाईच्या रक्तातून बाळापर्यंत जाते, बाळ बारीक राहतं, कधी दिवस भरायच्या आत येतं, एवढंच डॉक्टर म्हणाल्या. नऊ वर्षं नूतन हेच वाक्य इतरांना म्हणून दाखवत आली होती.

परतताना ती तुळशीवर मनसोक्त चिडली. तुळशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी सोडते. पण तुम्ही पण सोडायची. नायतर मना शिकवायला येऊ नका.”

पहिला आठवडा भयंकर गेला. डोकं ठणकायचं, हात रिकामे वाटायचे, आणि मुख्य म्हणजे पोट साफ होईना. वीस वर्षं मशेरी लावल्याशिवाय नूतनचं सकाळचं काम कधी झालंच नव्हतं. ती संडासात अर्धा अर्धा तास बसे आणि सरकारच्या सगळ्या योजनांना शिव्या घाली. तुळशीचीही तीच गत. एरवी बाळाची हालचाल विचारायला होणारे फोन आता ‘झाली का?’ एवढ्यासाठी होऊ लागले. डॉक्टरांनी दोघींना भाज्या, भरपूर पाणी आणि चघळायला बडीशेप सांगितली.

खरी अडचण होती तुळशीची सासू शीलाकाकी. ती रोज सकाळी अंगणात मशेरी भाजायला तवा टाकायची आणि त्या वासाने तुळशीच्या तोंडाला पाणी सुटायचं. अकराव्या दिवशी वासाने नूतनचाच तोल गेला. तिने तव्यावरची गरम चिमूट उचलली, लावली, आणि मग तुळशीसमोर जाऊन कबूल केलं. तुळशी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

मग नूतन काकीकडे गेली. तवा बंद करा म्हणाली. काकी म्हणाली, मी आयुष्यभर लावली, मला तीन मुलगे झाले, काय बिघडलं? नूतनने सवयीने पुढचा प्रश्न विचारला. बाळंतपणं किती?

काकी तव्यातलं ढवळत राहिली. “पाच,” ती म्हणाली. “दोन मुली होत्या. हाताच्या ओंजळीत मावायच्या. लोक म्हणाले, नजर लागली.”

फॉर्मवर सगळं छापलेलं होतं, पण नूतनने पिशवी उचलली आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशीपासून अंगणात तवा दिसला नाही. काकीने मशेरी सोडली नाही, ती शेताच्या बांधावर जाऊन भाजू लागली आणि तिथेच तोंड धुऊन घरी येऊ लागली.

तुळशी दिवस भरल्यावर एका दुपारी उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी, पावणेतीन किलो. काकीने नात दोन्ही हातांवर घेतली, ती ओंजळीत मावत नाही हे बघितलं आणि पदराने डोळे पुसून नर्सला काहीतरी खोडसाळ बोलली.

तुळशीचा नवरा जयदेव आनंदनगरच्या कंपनीतून पहिली पाळी संपवून तसाच आला. पेढे आणले होते, पण तोंड तंबाखूने गच्च भरलेलं, त्यामुळे आनंद त्याला डोळ्यांनीच व्यक्त करावा लागत होता. त्याने मुलीकडे हात केले. नूतन मध्ये उभी राहिली.

“आधी थुंकून ये, चूळ भर, हात धू.”

तो बायकोकडे बघू लागला. तुळशी पडल्या पडल्या म्हणाली, “ताईंचं ऐक. आणि उद्यापासून फोन करतील तुला, झाली का म्हणून.”

जयदेव बेसिन शोधायला गेला.