खंडेनवमीचं पिस्तूल

खाणी बंद पडल्या आणि सगुणचा खनिज वाहायचा टिपर दारात उभा राहिला, तेव्हापासून सगुण हसायचाच बंद झाला. डिचोलीत असे टिपर घरोघरी उभे होते, त्यामुळे त्यात नवल काही नाही. नवल पुढेच आहे. टिपर विकून कुणी दुकान टाकलं, कुणी म्हशी घेतल्या. या शहाण्याने लेकीसाठी पिस्तूल घेतलं. नेमबाजीच्या स्पर्धेचं, परदेशी बनावटीचं, पण जुनं. लेक सुविधा कॉलेजात नेम धरायला शिकली होती आणि या मुलीचा हात हलत नाही, असं तिचे सर एकदा म्हणाले होते. सगुणला तेवढं पुरलं. लायसन्ससाठी त्याने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि पिस्तूल घरी आलं तेव्हा बायकोला, पद्मावतीला, देवापुढे साखर ठेवायला लावली.

सुविधाने त्याच दिवशी बापाला बजावलं होतं, "बाबा, ह्यां रिकामा मारूचा नाय हां. पिन मोडतली." या पिस्तुलाची पिन गोळीच्या मधोमध न बसता तिच्या कडेवर आपटते. आत गोळी असली तर मार गोळी खाते, नसली तर पिनेचं टोक थेट पोलादावर. म्हणून घरच्या सरावाला ती आत प्लॅस्टिकची खोटी गोळी घालायची. सगुणने सगळं ऐकून मान हलवली. मान हलवण्यात तो पहिल्यापासून पटाईत.

मग खंडेनवमी आली. पाटावर विळी, कोयता, टिपरची आठवण म्हणून ठेवलेला मोठा पाना, आणि मधोमध झेंडूच्या माळेत पिस्तूल. ते रिकामं असल्याची खात्री सुविधाने स्वतः केली होती. पूजा झाली आणि ती आईला हात द्यायला आत गेली. बाहेर पाहुणे जमले. त्यात पद्मावतीचा भाऊ गोकुळदास, सावंतवाडीहून आलेला. दरवेळी "भावजी, अजून घरातच बसलास?" असं विचारून सगुणच्या वर्मावर बोट ठेवायचं, हा त्याचा आवडता उद्योग. त्या दिवशी मात्र त्याचे डोळे पाटावर खिळले.

"भावजी, एकदा हातात घेवन बघू?"

सगुणने राजासारखं पिस्तूल उचलून दिलं. गोकुळदासने एक डोळा मिटून अंगणातल्या माडावर नेम धरला. टक्. सगळे हसले. मग शेजारी, चुलतभाऊ, त्यांचे जावई, ज्याला त्याला माड मारायचा होता. टक्, टक्, टक्. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगुण हसला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर, मांडीवर थाप मारून हसला. पिस्तूल संध्याकाळपर्यंत या हातातून त्या हातात फिरत होतं.

दिवाळीच्या तोंडावर निवड चाचणी होती. ज्युनिअर गटात खेळायचं सुविधाचं हे शेवटचं वर्ष. निवड झाली तर राष्ट्रीय स्पर्धा. नाहीतर तुयें गावातल्या कारखान्यातली नोकरी ठरलेली होती. अर्ध्या चाचणीपर्यंत ती पुढे होती. सगुण मागच्या बाकावर बसून शेजाऱ्याला उगाच लेकीकडे बोट दाखवून सांगत होता, "तां माजा चेडू." दुसऱ्या अर्ध्यात तिने हात वर आणला, चाप ओढला आणि नुसतं टक् झालं. गोळी बदलली, पुन्हा टक्. तिने पिस्तूल खाली ठेवून हात उंचावला. एका मुलीने भल्या मनाने आपलं पिस्तूल दिलं, पण त्याची मूठ त्या मुलीच्या पंजाच्या मापाने कोरलेली. सुविधाने चाचणी पुरी केली आणि ती कुठल्या कुठे मागे पडली.

सगुणने विकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. म्हापशाला प्रज्योत नावाचा एक जण असली पिस्तुलं दुरुस्त करायचा. त्याच्याकडून खोट कळली की विकणाऱ्याची गचांडी धरायची, असा सगुणचा बेत.

"बाबा, तुमी येव नकात. मी जावन येतंय," सुविधा परत परत म्हणत होती. तो स्कूटरवर तिच्या मागे बसलाच.

प्रज्योतने पिस्तूल खोललं आणि पांढऱ्या फडक्यावर पिन ठेवली. टोक तुटलेलं, तांदळाच्या कणीएवढं.

"पिस्तुलात खोट नाय," तो म्हणाला. "कोणीतरी रिकामा मारलेला असा. एकदा नाय, खूप वेळा."

सगुणला अंगणातला माड आठवला.

"मीच," सुविधा पटकन म्हणाली. "खोटी गोळी घालूक इसारलंय."

"तू? इतकी वर्सां खेळतस आणि येवडा कळणा नाय?" प्रज्योतने तिला चांगलंच फैलावर घेतलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. सगुणला बोलायचं होतं. तो फडक्यावरच्या पिनेकडे नुसता बघत राहिला. प्रज्योतकडे तशी पिन होती. मागवलेला चहा निवायच्या आत ती बसलीसुद्धा.

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर सगुणला रडू आवरेना. भर रस्त्यात, पाववाल्याच्या दुकानासमोर, तो बाप्या माणूस रडला.

"माका म्हायत होता, बाबा," सुविधा म्हणाली. "त्या दिसा मी भितर खतखतें ढवळत होतंय. सगळा आयकाक येय होता."

"मगे थांबयलंस नाय कित्याक? थांबयला असता तर मी काय मेलो असतंय?"

सुविधाने पिस्तुलाची पेटी नीट बंद केली.

"तुमी हसत होतात," ती म्हणाली. "माका वाटला, टिकात पिन. मी भायर येवन बोललंय असतंय, तर तुमी हसाचे थांबला असतात."

सगुणने बाहीने डोळे पुसले. मग उसनं अवसान आणून म्हणाला, "फुडल्या वर्सा बघूया."

"फुडल्या वर्सा माजा वय बसणा नाय, बाबा," ती म्हणाली. "बसा. सोमवारपासून तुयेंक जावचा असा, त्येच्या आदी पिस्तूल कोणाक तरी विकूक होया."

तो पेटी मांडीवर घेऊन मागे बसला. वाटेत तो एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करत होता. खंडेनवमीला इतकं हसण्यासारखं कोण काय बोललं होतं? घर आलं तरी त्याला ते आठवलं नाही.