कुरकुरणारी चकती

आमच्या ह्यांची नजर गेल्यापासून घरातला मायक्रोस्कोप माझ्या ताब्यात आला आहे. दोघांनीही उभा जन्म दगडांचे काप पाहण्यात घालवला. पण घरात मत एकाचंच चालायचं, आणि ते माझं नव्हे.

मत असं: नदीपलीकडच्या डोंगरातला ग्रॅनाइट डोंगर घडण्याची सगळी उलथापालथ संपल्यावर वितळलेल्या रूपात वर आला, सावकाश निवाला, आणि त्यानंतर त्याला कसलाच धक्का लागलेला नाही. ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, ज्याला हे अजूनही चष्मिष म्हणतात, छापून टाकलं की ग्रॅनाइट त्या उलथापालथीच्या आधीचाच आहे आणि निवल्यावर चांगला भरडून निघाला आहे. हे भडकले. भर सभेत म्हणाले, "त्याला काप बघता येत नाही." आता लेखी उत्तर द्यायचं होतं. त्यासाठी त्याच डोंगरातला नवा दगड कापून, काचेवर चिकटवून, प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासून आणला होता.

"सांग," हे म्हणाले. "क्वार्ट्झ कसा काळा पडतो?"

सगळं घोडं तिथेच अडलं होतं. काप ठेवायची मायक्रोस्कोपची गोल चकती फिरवली की ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झचा, म्हणजे गारेचा, कण ठरावीक कोनात काळा पडतो. ताण न सोसलेला कण एकदम पडतो, दिवा मालवावा तसा. दाबला गेलेला कण मात्र या कडेपासून त्या कडेपर्यंत हळूहळू काळवंडत जातो, कारण तो आतून वाकलेला असतो.

मी चकती फिरवली. ती जुनी आहे, फिरताना कुरकुरते. पहिल्याच कणावरून सावली सरकत गेली. दुसऱ्यावरूनही. अभ्रकाचे पदर वाकलेले, क्वार्ट्झच्या कडांचा चुरा झालेला. चष्मिषचं अक्षर न् अक्षर खरं होतं. मला ह्यांची फार दया आली. नजर गेली, वाचन गेलं, एकट्याने फिरणं गेलं. हा एक डोंगर तेवढा उरला होता.

"एकदम काळा पडतो," मी म्हणाले.

"सगळे कण?"

"सगळे."

मला वाटलं, निभावलं.

"एकदम पडतो, मग एकेका कणावर इतका वेळ काय दळत बसली होतीस?" हे म्हणाले. "चकती ऐकू येते मला."

"अहो, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटू दे की. दगडाच्या तोंडी खोटं कशाला घालतेस?" त्यांनी हात पुढे केला. "मला दाखव."

त्यांचं बोट मी चकतीच्या कडेवर ठेवलं आणि भिंगातून पाहू लागले. "इथे सावली सुरू झाली," मी म्हणाले आणि त्यांच्या बोटासकट चकती फिरवत गेले. ती कुरकुरत राहिली. सावली कणाच्या दुसऱ्या टोकाला पोचली तेव्हा थांबले. "इथे संपली."

त्यांनी बोट तिथेच ठेवलं.

"एवढी?"

"एवढी."

मग हे म्हणाले, "फोन लाव त्याला."

मी लावला. पलीकडून दबकतच "सर?" असं आलं. ह्यांनी घसा खाकरला.

"चष्मिष, काप पाहिला मी," हे म्हणाले. बोट अजून चकतीवरच होतं. "तुझं बरोबर आहे."