देवाच्या वाटीतला केक

केकवर लिंबाचं पाणी सोडताना नवऱ्याची, लेकीच्या म्हणजे योगिताच्या वडलांची, आठवण का यावी, चंचलबाईंना काही केल्या कळेना. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि लिंबाशी त्यांचं काही नातं नव्हतं.

"गरम आहे तोवर चमच्यानं सोडत राहा, सगळं मुरू दे," असं बजावून योगिता खोका आणायला गेली होती. ते पिवळं पाणी सुरतेतल्या श्रीमंत वेसू भागातल्या कमलबेननी साध्या बाटलीत भरून दिलेलं. त्यांच्याकडे संध्याकाळी मंडळी जमायची होती. त्यांचा भाऊ इटलीहून आलेला. तिकडे खातात तसाच केक त्याला हवा होता, फक्त अंड्याविना. उधन्याच्या कामगारवस्तीतल्या दोन खोल्यांत योगितानं केक करायला घेतल्यापासून एवढ्या मोठ्या घरचं काम पहिल्यांदाच आलं होतं.

चंचलबाईंनी पुन्हा वास घेतला. लिंबाची साल, साखर, आणि मागून नाकात चढणारं काहीतरी. छे! उपासानं डोकं हलकं झालं असेल. त्या नाम घेऊ लागल्या.

ओव्हनमधून निघालेलं पहिलं देवाचं, हा त्यांचा नेम. दर वेळी त्या थोडं मिश्रण एका वाटीत वेगळं भाजत. आजही वाटीतल्या केकवर तेच पाणी सोडलं, तुळशीचं पान ठेवलं, नैवेद्य दाखवला. गुरुवारचा उपास त्यावरच सुटायचा होता.

योगिता आली आणि देव्हाऱ्यापाशी थबकली.

"माय, देवाच्या वाटीतबी टाकलं?"

"मंग? देवले कोरडा देऊ का? पोरी, हाई पानी कसानं शे?"

योगिता खोक्याच्या कडा दुमडत राहिली.

"बोल ना वं."

"लिंबाची दारू आहे. तिकडची. केकमध्ये घालतात, माय. चढत नाही."

चंचलबाईंनी बाटली उचलून हुंगली. "तुले माहीत व्हतं?"

"सांगितलं असतं तर करू दिलं असतं तू?"

नवऱ्याची दारू सुटावी म्हणून चंचलबाईंनी हे गुरुवार धरले होते. दारू सुटली नाही, माणूस सुटला. मागणं पुरं झालं की उद्यापन करायचं. ते झालंच नाही, म्हणून गुरुवार चालूच राहिले. आणि आज आपल्याच हातानं देवाला... देवानं घेतलं असेल, की तोंड फिरवलं असेल? कोणाला विचारायचं?

"केक नको देऊ का?" योगितानं हळूच विचारलं.

"देई ये. लोकं वाट देखतीन."

"आणि हे? गायीला घालू?"

"दारू गायले घालशी?"

"मग टाकून दे."

"परसाद कोनी टाकस का?"

योगिता खोका सांभाळत जिना उतरली. चंचलबाईंनी वाटी उचलली. देवापुढे ठेववेना, तोंडात घालवेना. शेवटी त्या भिंतीकडे वळल्या. नवऱ्याच्या तसबिरीखालच्या फळीवर वाटी ठेवली, तुळशीचं पान नीट केलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "देवानं उष्टं शे."

मग देव्हाऱ्यातलं तीर्थ तळहातावर घेऊन त्यांनी उपास सोडला.