मालुबाईंचा फोटो

माधवीने कॅमेऱ्याचं वरचं झाकण उघडलं आणि मान खाली घालून आत पाहिलं. चौकोनी काचेत घराच्या पुढच्या सोप्यावरची खुर्ची होती, खुर्चीत मष्णूआप्पा होते. ते डावीकडे झुकले की काचेत उजवीकडे झुकत होते.

“काच स्वच्छ हाय न्हवं?”

“स्वच्छ आहे. शटरही बरोबर पडतंय.”

“पडंल की. स्टुडिओ बंद करून चौदा वर्सं झाली, पन मी त्येला रोज एकदा तरी हात लावतोय.”

माधवी बेळगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. असे दोन भिंगांचे सात कॅमेरे तिच्याकडे होते. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्या भिंगातून फोटो उतरायचा. ती ते नुसते मांडून ठेवत नसे. दर रविवारी एकाची पाळी. रोल मुंबईहून मागवायचे, आणि घरच्या न्हाणीघरात अंधार करून स्वतःच धुवायचे. शहापुरातले माग, खानापूरचा बाजार उठल्यानंतरचं रिकामं पटांगण, असलं काहीबाही तिने टिपलं होतं. माणसं मात्र तिच्या फोटोंत फारशी नसत. एखाद्याला समोर उभं करून हसा म्हणणं तिला जमत नसे. बोरगावात एका जुन्या फोटोग्राफरकडे असाच कॅमेरा आहे असं कळलं, म्हणून ती सकाळी निपाणीपर्यंत बसने आणि पुढे रिक्षाने आली होती.

आप्पांची अट एकच होती.

“कपाटात ठेवनार असशील तर नको. वापरनार असशील तर ने. हितंच एक फोटो काढून दाव.”

तिने रोल भरला, मागचं दार मिटलं, बाजूची दांडी फिरवली. इतक्यात आतून मालुबाई चहा घेऊन आल्या. आप्पांची धाकटी बहीण, सत्तरीची. चेहऱ्यावर आणि हातांवर कोडाचे पांढरे डाग पसरलेले. मूळचा रंग उरला होता तो कपाळावर आणि उजव्या गालावर. कॅमेरा उघडा दिसताच त्यांनी पदर पुढे ओढला.

“तिचा नको,” आप्पा हळूच म्हणाले. “ती फोटोला बसत न्हाय.”

माधवी “बरं” म्हणाली, पण मान वर केली नाही. ती काचेत दाराच्या चौकटीवर फोकस लावत होती. मालुबाई आत जाता जाता थांबल्या.

“ही पोरगी कुठं बघती?”

“ह्यात खाली बघावं लागतं, आक्का,” माधवी म्हणाली.

“म्हंजे माझ्याकडं बघंनास तू?”

“काचेत दिसता. तेवढंच.”

मालुबाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला. पदर पुन्हा खांद्यावर घेतला आणि चौकटीला टेकून बसल्या. मग बाजाराची हकीगत सांगावी तसं सांगू लागल्या.

“एकोनीस वर्सांची हुतो मी. हनवटीखाली चिंचोक्याएवढा डाग. ह्या माझ्या अण्णानं ह्याच कॅमेऱ्यानं फोटो काढला, आनि फोटोवर बारीक बरशानं शाई लावून डाग बुजवला. मला न्हाय इचारलं. लग्नाचा पोरगा मिलिटरीत, बघाय यायला त्येला सुट्टी न्हवती. लोंढ्याला फोटो गेला, पसंती आली, लगीन झालं. आठव्या दिशी सासऱ्यानं मला आनून ह्या दारात सोडलं.”

“काय म्हणाले ते?”

“काय म्हननार? फसवलासा आमाला, म्हनले. खरंच हुतं की ते.”

आप्पा बशीतला चहा फुंकत राहिले. तो केव्हाच निवला होता.

“त्यानंतर आधार कार्डाला तेवढी बसलो,” मालुबाई म्हणाल्या. “तिथं कोन इचारतंय!” स्वतःशीच हसून त्या उठल्या. “ऊठ अण्णा. खुर्ची दे.”

आप्पा उठले. मालुबाई बसल्या, हात मांडीवर ठेवले. माधवीने अंतर जुळवलं. आप्पा तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि सवयीने बोलून गेले,

“मान जरा डावीकडं घे, मालू. उजेड तिकडनं हाय.”

“उजेडाचं कारन सांगू नकोस. मी समोर बघनार.”

शटर बारीक आवाजात पडलं. माधवीने आणखी दोन काढले.

कॅमेरा घेऊन बेळगावला परतल्यावर तिने रोल धुतला. ओली पट्टी दिव्यासमोर धरली तेव्हा निगेटिव्हमध्ये सगळं उलटं झालं होतं. डाग काळेभोर होते आणि उरलेला चेहरा उजळ. ती बराच वेळ बघत राहिली. समोर कुणी नव्हतं, म्हणून तिला तसं बघता आलं.

पुढच्या पंधरवड्यात ती मोठी प्रत घेऊन बोरगावला गेली. मालुबाई फोटो घेऊन अंगणातल्या उन्हात गेल्या. आप्पा खुर्चीत ताठ बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर बहिणीच्या पाठीवर.

“अगं बया,” मालुबाई म्हणाल्या. “लई म्हातारी झालो की गं मी! डोळ्यांखाली बघ, नुसत्या सुरकुत्या.”

त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला. डागांचं नावही काढलं नाही. मग सोप्यावर येऊन भावाच्या हातात दिला.

आप्पांनी तो डोळ्यांशी नेला. त्यांच्या हातात तो थरथरत होता. या हाताने आता साधी रेघही ओढवणार नाही, हे तिघांनाही दिसत होतं.

“सुरकुत्या बुजवू काय, मालू?”

मालुबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“नको. ऱ्हाऊ देत.”

त्यांनी भावाच्या हातातून फोटो हळूच काढून घेतला.

“पन इचारलास, बरं केलास.”